रेडिओची कावड

माझ्या डाव्या हाताची मधली दोन बोटं गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये राहिली. धान सडणाऱ्या हलरचा पट्टा घसरला होता आणि तो मी चालत्या चाकावर चढवायला गेलो. सगळेच तसं करत. हे सांगायला लागलो की ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो आणि तोंडातून 'अरेरे' निघतं, म्हणून आधीच सांगून ठेवतो की त्या अरेरेचा मला तेव्हाही संताप यायचा आणि आताही येतो. बोटं गेली याचं दुःख होतंच, पण माझा पावा गेला याचं दुःख त्याहून मोठं होतं.

पावा म्हणजे आमच्याकडची बांबूची बासरी. तिच्या भोकांवर दोन्ही हातांची बोटं लागतात, आणि नेमकी मधली दोन नसली तर सूर फुटतो. मी कितीतरी दिवस कापडाच्या चिंध्या, मेण, गव्हाच्या कणकेची बोटं असले उद्योग करून पाहिले. शेवटी पावा आढ्यात खोचून ठेवला आणि मायला बजावलं की तो खाली काढायचा नाही.

आमचं गाव चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर धान पिकवणारं. गावाची स्वतःची दंडार, म्हणजे नाचगाण्याचा फड, होती. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, मिठाईची दुकानं लागतात आणि दुपारभर मैदानात आसपासच्या गावांच्या दंडारी नाचतात. गडीमाणसंच लुगडी नेसून, घुंगरं बांधून रिंगणात उतरतात. गाणी असतात, सोंगं असतात, ढोलकी आणि टाळ असतात. आणि आमच्या दंडारीत पावा होता. आजूबाजूच्या गावांत दोन ढोलक्यांची दंडार होती, पेटीची होती, पण पाव्याची आमची एकटी. आधीच्या म्हाताऱ्या पावेवाल्याचे दात पडले आणि ती जागा मला मिळाली, तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं. दंडारीत जागा एकदा दिली की ती माणूस थकेपर्यंत त्याची असते.

अपघात झाला त्या वर्षीच्या मंडईला मी गेलो नाही. घरी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. मैदानातली ढोलकी ऐकू येत होती. पावा नव्हता. गावातले लोक संध्याकाळी परत येताना बोलत होते की यंदा दंडार अळणी झाली, आणि खरं सांगतो, ते ऐकून मला बरं वाटलं.

दंडारीचे म्होरके माझ्या वडिलांचे चुलतभाऊ होते. मी त्यांना काकाजी म्हणायचो. धिप्पाड माणूस, बोलणं कमी, पण घुंगरं बांधली की पोरीच्या हलकेपणानं नाचायचे. त्यांनी त्या वर्षी जागा रिकामी ठेवली. कोणी विचारलं तर म्हणायचे, "पोरगा बरा होऊन राहिला." मी बरा होऊन नव्हतो राहिलो. बोटं काही धानाच्या रोपासारखी परत फुटत नाहीत.

मिलमालकानं थोडी रक्कम माझ्या हातावर ठेवली होती. मायनं ती लुगड्याच्या तुकड्यात बांधून तांदळाच्या कोठीत पुरली. ती त्यांना बोटाचे पैसे म्हणायची. "बोटाच्या पैशाची म्हैस घेऊ," असं तिचं चाललेलं असायचं. मिलमध्ये मला आता हलरजवळ जाऊ देत नसत. मी तांदळाचे नमुने घेऊन स्टेशनच्या मालधक्क्यावर जायचो, व्यापाऱ्यांना दाखवायचो, परत यायचो. त्या मालधक्क्याच्या पलीकडे रेल्वेची क्वार्टर्स होती, आणि तिथल्या एका ओसरीत मी पहिल्यांदा गिटार ऐकली.

वाजवणारे एक बंगाली गार्डबाबू होते. वाद्य मांडीवर आडवं ठेवलेलं, उजव्या हातानं तारा छेडायच्या आणि डाव्या हातात एक पोलादी कांडी. ती कांडी तारांवरून सरकली की सूर एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायचा. पाव्यात मी जे फुंकरीनं करायचो, ते हा माणूस लोखंडाच्या तुकड्यानं करत होता! मी नमुन्याची थैली तशीच काखेत धरून कुंपणाशी उभा राहिलो. त्यांचं लक्ष गेलं तेव्हा मी फक्त डावा हात वर केला. ते अरेरे म्हणाले नाहीत. त्यांनी माझा अंगठा, तर्जनी आणि करंगळी नीट पाहिली, कांडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "इसमें उँगली नहीं, लोहा बजता है. आओ, बैठो."

मी त्यांच्याकडे सुट्टीच्या दिवशी जाऊ लागलो. ते शिकवताना चिडत, मी शिकताना चिडे, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. गिटारच्या पोटावर तारांखाली एक काळी पट्टी बसवलेली होती, कलकत्त्याहून मागवलेली. तिची वायर ते रेडिओच्या मागच्या दोन भोकांत खुपसत. ती भोकं खरं म्हणजे ग्रामोफोन लावण्यासाठी असतात. मग गिटार रेडिओतून बोलायची. मला ते गमतीचं वाटायचं, पण खोलीतलं काम म्हणून मी ते सोडून दिलं. माझ्या डोळ्यांसमोर मंडईचं मैदान होतं.

वर्ष सरायच्या आत गार्डबाबूंची बदली झाली. जाताना त्यांनी आपली जुनी गिटार, त्या काळ्या पट्टी आणि वायरीसकट, मला दिली. फुकट घ्यायला मी तयार नव्हतो, म्हणून त्यांनी मोबदला म्हणून घरच्या सुवासिक तांदळाची एक थैली मागितली. ती मी आनंदानं दिली.

आता गावात. काकाजींच्या अंगणात तालीम होती, उन्हं कलली होती. मी गिटार मांडीवर घेऊन बसलो. नुसती वाजवली तेव्हा सगळे खूश झाले, म्हाताऱ्या माणसांनी मान डोलावली, कोणी म्हणालं, "हा तं पाव्याचाच नातलग दिसते." मग ढोलकी सुरू झाली आणि माझी गिटार जणू विहिरीत पडली. मी तारा तोडायच्या बेतानं छेडत होतो आणि मलाच ऐकू येत नव्हतं.

काकाजींनी ढोलकी थांबवली. जवळ येऊन बसले. "हे पाह्य पोरा," ते म्हणाले, "वाजवतेस चांगला. पन पायाले सूर भेटला पायजे. दोन वर्स अळनी दंडार नाई चालत. पलीकडच्या गावात एक पोरगा पावा वाजवते. मंडईपावतर तुहा सूर नाचनाऱ्याले आयकू आला तं जागा तुही. नाई तं मी त्याले सुपारी देतो."

सुपारी दिली म्हणजे शब्द दिला. मग ती जागा त्याची आणि माझ्या नशिबी आयुष्यभर कुंपणापलीकडून बघणं. मी म्हणालो, "द्या ना, पन मंडईपावतर थांबा." आवाज चढला होता माझा. काकाजींसमोर कोणी तसं बोलत नसे.

घरी आलो आणि मायला म्हणालो, बोटाचे पैसे काढ.

मायनं आकांत केला. त्या पैशाची म्हैस तिच्या मनात व्यायलीसुद्धा होती. "आवाजाचा डबा घेऊन का करशीन? दूध देते का तो?" मी काही उत्तर द्यायच्या आत बा बोलला. बा दंडारीच्या वाटेला कधी गेला नव्हता. त्याला नाच आवडत नसे. तो त्याला रिकामटेकडा धंदा म्हणायचा. त्याचं नाव होतं ते बैलांच्या पारखीसाठी. चार गावचे लोक बाजाराला जाताना त्याला सोबत नेत. तो मायला म्हणाला, "बोटं त्याची गेली. पैसे बी त्याचेच." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "पन एकटा नको जाऊ. तुले घोळात घेतीन."

आम्ही गोंदियाला गेलो. मोठ्या बाजारातल्या दुकानात नवेकोरे अँप्लिफायर मांडून ठेवले होते, काचेच्या आत हिरवा डोळा चमकणारे. दुकानदारानं पहिलाच प्रश्न टाकला, "गाँव में लाइट है?" नव्हती. आणि बाला तर किंमत ऐकूनच खोकला आला.

मग आम्ही लाऊडस्पीकरवाल्याकडे गेलो. लग्नाकार्यात भाड्यानं भोंगा देणारा माणूस. त्याच्याकडे एक जुना संच विकायला होता. मोटारीच्या बॅटरीवर चालणारा, लोखंडी पेटीतला, आणि त्याच्याबरोबर एक भला मोठा भोंगा. त्यानं माझी वायर जोडून दिली. मी एक सूर छेडला, आणि रस्त्यावरचा टांगेवाला घोडा आवरायला लागला. बस, माझं ठरलं! जी गिटार ढोलकीखाली मरत होती ती आता अख्ख्या बाजाराला ऐकू जात होती. मला दुसरं काही बघायचंच नव्हतं.

बानं संचाभोवती एक फेरी मारली. पेटी थोपटली. भोंग्याच्या आत हात घालून पाहिला. मग सवयीनं खांद्यावरचा दुपट्टा काढून स्वतःच्या हातावर टाकला आणि हात दुकानदारासमोर धरला. बैलबाजारात सौदा असाच होतो; दुपट्ट्याखाली बोटं दाबून किंमत सांगायची, म्हणजे बघणाऱ्यांना कळत नाही. दुकानदार बावचळला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याचा हात दुखतोय. मी लाजेनं अर्धा झालो, पण बा हटला नाही. "बोलून सांग मंग," तो म्हणाला. किंमत ठरल्यावर त्यानं आणखी एक अट घातली. "चिखलात चालवल्याबिगर मी बैल घेत नाई. हा डबा आमच्या बांधीत चालला तं तुहे पैसे. नाई चालला तं डबा तुहा."

"अरे बाबा, ये बैल थोड़ी है!" दुकानदार हसत सुटला. पण संच बरेच दिवस पडून होता. शेवटी तो कबूल झाला.

स्टेशनावरून बैलगाडीतून संच गावात आला तेव्हा सगळं गाव मागं. हलका, लवकर येणारा धान कापून झाला होता. तलावाच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या उंच बांधाच्या, खाली आमच्या धानाच्या रिकाम्या बांधीत, मोहाच्या झाडाला भोंगा बांधला, पाळीकडे तोंड करून. त्या बाजूला लोक बसणार होते. काकाजी घुंगरं बांधून आले, नाचणारे आले. मी वाजवायला लागलो आणि लांबवर जड, उशिरा येणारा धान राखत बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. माय पदरानं डोळे पुसत होती. मला वाटलं, जिंकलो.

नाचणाऱ्यांनी पहिला फेरा धरला आणि एकमेकांवर आदळले. परत धरला, परत तेच. लुगडं नेसलेला एक गडी भुईवर बसलाच. माझा सूर भोंग्यातून निघून पाळीवर जात होता आणि तिथून आपटून परत येत होता, थोडा उशिरानं. अर्धे जण पहिल्या सुरावर पाय टाकत, अर्धे दुसऱ्यावर. आम्ही भोंगा गावाकडे वळवला. आता तो नाचणाऱ्यांच्या पाठीशी आला आणि त्यांना ढोलकीशिवाय काही ऐकू येईना. भोंगा खाली घेतला तर समोरच्या दोघांचे कान फुटायची वेळ आली आणि पलीकडच्यांना काहीच नाही. सगळी दुपार आम्ही तो भोंगा फिरवत होतो. शेवटी मीच झाडावर चढलो, रागानं त्याला हिसडे देत राहिलो, आणि खालून काकाजी म्हणाले, "उतर. गाव आयकून राहिलं, नाचनारा नाई आयकत."

"अजून एक डाव पाहू, काकाजी."

"किती पाह्यशीन? मंडई तोंडावर आली." त्यांनी घुंगरं सोडली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी सुपारी पाठवतो. तो पोरगा मंडईले येईन. तुहा सूर भेटला तं तो उभा राहीन, नाई भेटला तं तो वाजवीन."

मला रडू आलं. झाडावर होतो म्हणून कोणाला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी संच परत न्यायचा होता. दुकानदारानं कुरकुर केली, ओरखडे दाखवले, पण बा त्याच्या पायरीवर बसून राहिला, तंबाखू चोळत. बैलबाजारात दिलेला शब्द फिरवणाऱ्याचा दुसऱ्या दिवशी एक बैल विकला जात नाही, एवढंच तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होता. दुकानदारानं बॅटरी भरायचे पैसे कापून बाकीचे दिले. आम्ही स्टेशनाकडे चालू लागलो. बा म्हणाला, "आता म्हैस पाहू का?" त्याला टोचायचं नव्हतं, खरंच विचारत होता. पण मी भडकलो. भर रस्त्यात त्याच्यावर ओरडलो की मला म्हैस नको, भोंगा नको, मला माझा पावा पाहिजे.

ओरडून झालं आणि माझं मलाच ते ऐकू आलं. पावा कुठे कोसभर जायचा? पावा वाजवताना मी कधी एका जागी बसलो नव्हतो. रिंगणात उतरून नाचणाऱ्यांच्या मधून चालायचो, ज्याचा पाय चुकतोय त्याच्या कानाशी जायचो. बाहेरच्या माणसाला तो ऐकू आला तर आला. मी हरवलेला पावा शोधायला निघालो होतो आणि बाजारातला सगळ्यात मोठा आवाज घेऊन आलो होतो. स्वतःच्या मूर्खपणाचा इतका राग मला क्वचित आला असेल. मला गार्डबाबूंची ओसरी आठवली. त्या रेडिओचा आवाज जेमतेम कुंपणापर्यंत यायचा, आणि तेवढाच मला हवा होता.

"बा," मी म्हणालो, "माघारी फीर. आपल्याले बॅटरीचा रेडिओ पायजे."

त्या दिवसांत गोंदियात घरोघर लाइट येत होती आणि लोक आपले बॅटरीचे रेडिओ काढून टाकत होते. गांजाच्या ठेल्यामागच्या गल्लीत एक सिंधी दुकानदार जुने रेडिओ विकायचा. त्याच्याकडे आमच्या पैशात बसतील असे दोन होते. एक मोठा, चकचकीत सागवानी पेटीचा, त्याचा आवाज घुमणारा, पोटातून येणारा. दुसरा लहान, जाळीचं कापड फाटलेलं, आवाज किनरा. दोन्ही सुक्या बॅटरीवर चालणारे, दोघांनाही मागे ती भोकं. दुकानदारानं मोठ्याची स्तुती सुरू केली, आणि मलाही तोच आवडला होता. पण आता मी एकदा पोळलो होतो. कोपऱ्यात तेलाचा रिकामा डबा पडला होता. मी बाला म्हणालो, "हा घे, अन् माह्या कानाशी ढोलकीवानी बडव."

बानं डबा घेतला. बैलासारखा रेडिओ पारखायची माझी रीत त्याला पसंत पडली असावी, कारण त्यानं असा काही दणका लावला की गल्लीतले लोक दारात आले. मी मोठ्या रेडिओला वायर जोडून वाजवलं. तो घुमणारा आवाज डब्याच्या आवाजात मिसळून गेला. काही तरी वाजतंय एवढं कळे, काय वाजतंय ते कळेना. मग लहान जोडला. डबा दणदणत होता आणि त्याच्या आडून तो किनरा सूर सुईसारखा सरळ कानात आला. मी जागा बदलून पाहिली, पाठ करून पाहिली. प्रत्येक वेळी सूर वेगळा ओळखू येत होता.

"ये तो नाक में बोलता है," दुकानदार म्हणाला. त्याला मोठा खपवायचा होता.

"मुझे नाकवालाच पाहिजे," मी म्हणालो. माझी हिंदी अजून तशीच आहे.

रेडिओ स्वस्त पडला, पण त्याची सुकी बॅटरी नवीन घ्यावी लागली, आणि ती विटांच्या ढिगाइतकी जड. आता हे सगळं रिंगणात चालतं कसं ठेवायचं? गिटार मी फेरीवाल्याच्या पाटीसारखी गळ्यात आडवी लटकवली. चामड्याचा पट्टा म्हणजे जुन्या जुवाचं जोतं, बैलाच्या गळ्याखालून बांधतात ते. रेडिओ आणि बॅटरीचं उत्तर बानं शोधलं. परसातली भाजीची कावड काढली. एका दुरडीत तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, घालून रेडिओ, दुसरीत बॅटरी, दोघांना जोडणारी वायर कावडीच्या दांडीला बांधलेली. वजन अगदी बरोबर बसलं. मी विचारलं, ही उचलणार कोण? गावात विचारावं तर लोक हसतील, आणि दंडारीतले सगळे नाचण्यात. बा म्हणाला, "मी कायले हाव मंग?"

बॅटरी संपेल म्हणून तालीम करता आली नाही. काकाजींना मी फक्त निरोप दिला की मी येतोय.

मंडईचा दिवस. मैदानात धूळ, जिलेबीचा वास, आणि शेजारीच दुसऱ्या गावची दंडार भाड्याचा भोंगा लावून उभी. पलीकडच्या गावचा तो पावेवाला आला होता. माझ्याच वयाचा, साधा पोरगा. कंबरेत पावा खोचून रिंगणाच्या कडेला उभा. मी त्याचा द्वेष करायचं ठरवलं होतं, पण त्यानं मला राम राम केला आणि माझ्या हाताकडे मुळीच पाहिलं नाही, त्यामुळे तेही जमलं नाही. आम्ही बापलेक रिंगणात शिरलो आणि हशा पिकला. गळ्यात गिटार अडकवलेला मी, आणि मागे पांढऱ्या मिशांचा, रेडिओची कावड घेतलेला बा. कोणी ओरडलं, "भाजी का भाव, बुवा?" बानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पोरगा गर्दीत दिसेनासा झाला.

ढोलकी सुरू झाली. मी छेडलं. शेजारचा भोंगा केकाटत होता. बाहेरच्या ओळींतून लगेच आरडाओरडा, "काईच आयकू नाई येत! जोरात!" माझे कान तापले. मी बाहेर पाहणं सोडलं. सगळ्यात जवळच्या नाच्याशी गेलो, त्याच्या खांद्याला खांदा लावून वाजवलं. त्याच्या पावलांकडे पाहत राहिलो. पाऊल क्षणभर अडलं, आणि मग सुरावर पडलं. मी पुढच्याकडे गेलो. त्याचंही पडलं.

माझ्यात आणि कावडीत वायर फार तर दीड हात ढिली होती. मी पुढे गेलो की बाला पुढे यावं लागे, मी गिरकी घेतली की त्याला घ्यावी लागे, नाहीतर वायर उपसून यायची. पहिल्या फेऱ्यात तो नुसता धावत होता. दुसऱ्या फेऱ्यात त्यानं मोजून पाय टाकायला सुरुवात केली. आणि नंतर एकदा मी मागे वळून पाहिलं, तर माझा बाप, ज्यानं आयुष्यभर या नाचाला नावं ठेवली, तो कावड हेलकावू न देता, गुडघ्यात वाकून, दंडारीच्या चालीवर नाचत होता. चेहरा तसाच कडक, बैलाचे दात तपासताना असतो तसा. मला इतकं भरून आलं की एक सूर चुकला.

बाहेर ऐकू येत नव्हतं म्हणून लोक आत सरकू लागले. रिंगण लहान झालं. लेकुरवाळ्या बाया नाचणाऱ्यांच्या पायाशी येऊन बसल्या. शेजारच्या भोंग्यापुढची माणसंही, ही गर्दी कशाला म्हणून, इकडे यायला लागली. पण ते मला पुढे लोकांनी सांगितलं. तेव्हा मला फक्त पावलं दिसत होती, आणि काकाजींची पावलं अजून बाकी होती. ते रिंगणाच्या मधोमध एकटेच नाचत होते, ढोलकीच्या भरवशावर, माझ्याकडे पाठ करून. त्यांच्यापर्यंत पोचलो नाही तर बाकी सगळं फुकट होतं. मी चालत गेलो. बा मागे. मी त्यांच्या उजव्या खांद्याशी उभा राहिलो आणि जुन्या चालीची पहिली ओळ छेडली.

ते थांबले नाहीत. घुंगरं तशीच वाजत राहिली. मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही.

आमच्या दंडारीत एक रीत होती. नाच रंगात आला की म्होरक्या वाजवणाऱ्याला हाक मारून ओळ मागतो. त्या हाकेत माणसाचं नाव घेत नाहीत. ढोलकीवाल्याला 'ढोलकी' म्हणतात, टाळवाल्याला 'टाळ'. ज्याची जागा, त्याच्या नावानं हाक.

काकाजींनी हात वर फेकले, गिरकी घेतली आणि तोंड उघडून हाक दिली, "बोल, पावाऽ!"

कडेला उभ्या पोरानं चटकन पावा ओठाला लावला. त्याचं चुकलं नव्हतं. सुपारी त्यालाच गेली होती, आणि त्या रिंगणात पावा त्याच्याचकडे होता. पण काकाजी तिकडे पाहतच नव्हते. घामानं डबडबलेला चेहरा माझ्याकडे करून, पाय न थांबवता, ते उभे होते आणि वाट पाहत होते.

मी तीन बोटांत कांडी घट्ट धरली, तारेवरून खाली ओढली, आणि ओ दिली.